अक्कांनी निवडलेला शेपू

लेक बाळंत झाली म्हणून औरंगपुऱ्यातून शेपू आणला. जुडी सोडताच उग्र वास सुटला आणि मी बिडकीनच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

तेव्हा हीच लेक माझ्या मांडीवर होती. थोरल्या जाऊबाई, अक्का, माझ्या थोडंच आधी बाळंत झाल्या होत्या. त्यांचं बाळ वाचलं नाही. तरी मला दूध यावं म्हणून शेपू त्याच निवडायच्या, मूगडाळ घालून शिजवायच्या, वर बाळंतशोपा हातावर ठेवायच्या. "खा गं. शेपू खाल्लेला लपत नाय, ढेकर साऱ्या गल्लीला सांगतो," म्हणून मला हसवायच्या.

एका दुपारी पोर रडून रडून लाल झाली. अक्का हळूच म्हणाल्या, "दे इकडं. मी पाजते."

"नको अक्का, मला लई दूध आलंय," म्हणत मी तिला पदराखाली ओढलं.

सासूबाईंनी शिकवलं नव्हतं. जिचं बाळ गेलं तिचं दूध नको, हे माझ्याच मनात आलं. आजवर कुणाला बोलले नाही.

अक्का पुन्हा शेपू निवडू लागल्या. मला दूध नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि त्यांची चोळी भिजलेली मी पाहिली होती.