विचारायच्या आधी

केशवापूरच्या बस थांब्याजवळ अबोलीचे गजरे विकणाऱ्या बाईचं नाव मला ठाऊक नाही. सगळे तिला अक्का म्हणायचे. कोपरापासून बोटांपर्यंत गजरा मोजून ती वर चार बोटं जास्त द्यायची.

महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डाचा एक उमेदवार तिथं प्रचाराला आला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, पहिल्या बायकोला का टाकलंत, ते आधी सांगा! ती बघा, तिथं फुलं विकतीय!"

उमेदवार हसला. "घरचं कशाला काढता? गटारीचं विचारा की!"

लोकही हसले. सगळ्या माना अक्काकडं वळल्या. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

गर्दी पांगल्यावर मी धीर करून म्हणाले, "अक्का, त्यांनी उत्तर द्यायला हवं होतं."

"त्यानं द्यावं की," ती म्हणाली. "पण ती गोष्ट माझीबी हाय. चव्हाट्यावर काढायच्या आधी मला कुणी विचारलं काय?"

दुसऱ्या दिवसापासून फुलं न घेणारी माणसंही तिला बघायला थांबू लागली. मतदानाच्या आधीच ती जागा सोडून गेली. कुठं गेली, ते शेजारच्या पानवाल्याला ठाऊक असावं. मी त्याला विचारलं नाही.