दार-ए-सलामला गेलेले माग

कोणी विचारो न विचारो, ते तर्जनी स्वतःच्या छातीला लावायचे आणि म्हणायचे, "मला कोणी भेजलं नाही हां. मी खुदच गेलो."

परदेशी नोकरी करणारा माणूस हे वाक्य तोऱ्यात म्हणतो. यांच्या तोंडून ते गुन्हा कबूल केल्यासारखं यायचं, आणि तेही साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या मिलमध्ये ते वीव्हिंग मास्टर होते, म्हणजे कापड विणायचं अख्खं खातं त्यांच्या हाताखाली. मागांच्या खडखडाटात उमर गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना जमतच नसे. घरातली कुजबुजही बडा गणपतीच्या चौकापर्यंत पोचायची. मी त्याच मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा कारकून आणि त्यांचा शेजारी, त्यामुळे माझी दोन्हीकडून सुटका नव्हती.

मिलचे पगार लांबू लागले तेव्हा वरचे साहेब लोक मालकाच्या दुसऱ्या धंद्यांत सरकले. यांना कोणी विचारलं नाही. यांनी मग स्वतःच अर्ज पाठवले. ना ओळख, ना एजंट. एक दिवस दार-ए-सलामच्या कापडगिरणीचं बोलावणं आलं. वहिनी म्हणाल्या, "सांवेर रोडला पण कारखाने आहेत ना, तिथे बघा."

"तिथे लूम नाहीत," ते म्हणाले, आणि बॅग भरायला लागले.

ते गेले आणि काही महिन्यांत मिल बंद पडली. ते राहिले असते तरी पडलीच असती. हे मी त्यांना कितीदा समजावलं असेल. सगळं ऐकून घ्यायचे आणि पुन्हा बोट छातीवर. मला कीवही यायची आणि वैतागही.

तिकडे दोन-दोन वर्षांचे करार वाढत गेले, ते मॅनेजर झाले. मग तिथल्या मालकाला जुने माग हवे झाले. चांगले कुठे मिळतील, त्यानं यांनाच विचारलं. आमच्या बंद मिलचे माग विकायला निघाले होते, आणि त्यांचा स्क्रू न् स्क्रू यांच्या ओळखीचा. यांनी आपल्याच मिलचं नाव सांगितलं, आणि उतरवून आणायला मीच जातो म्हणाले.

ते माग बघायला आले त्या दिवशी किल्ल्या घेऊन मी सोबत होतो. बातमी आमच्या आधीच पोचलेली. फाटकाशी कामगार हार घेऊन उभे. साहेब परत आले म्हणजे मिल सुरू होणार, अशी त्यांची समजूत. मागांची दुरुस्ती बघणारा रामरतन जॉबर तर चौकीदाराला पटवून आदल्या दिवशीच आत शिरला होता. आपल्या ओळीतले सगळे माग पुसून त्यानं त्यांना तेल घातलं होतं.

"साहब, बस बिजली चाहिए," तो म्हणाला.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं. गळ्यात हार तसाच होता. "रामरतन, मैं ये खोल के ले जाने आया हूँ."

रामरतनला ऐकू गेलं नसावं, पण खात्यातली माणसं ओठ वाचतात. त्यानं आपल्या लाडक्या मागावर हात ठेवला. मग म्हणाला, "तो मेरी वाली जरा सँभाल के उतरवाना."

माग गेले आणि मिल सुरू होईल ही आशाही गेली. राहिलं ते रिकामं छप्पर.

अनंत चतुर्दशीला आपल्या इंदूरात मिलच्या झांक्या, रोषणाईचे चित्ररथ, निघतात, तुम्हीही पाहिल्या असतील. मिल बंद पडल्या तरी कामगार वर्गणी काढून झांकी सजवतात. त्या साली आणि पुढे दरवर्षी ते सुट्टी काढून त्यासाठी यायचे. दुपारी झांकीच्या मागच्या बाजूला, कोणाच्या नजरेस न पडता, वायरी बांधत बसायचे. रामरतन तिथे येऊन विचारायचाच, "साहब, मेरी मशीन कैसी है?"

"एक नंबर. सबसे बढ़िया वही चलती है."

मग रामरतन ते सगळ्यांना सांगत फिरायचा.

एकदा घरी परतताना ते मला म्हणाले, "ती मशीन एक दिवसही चालली नाही. उतरवतानाच तिची फ्रेम तडकली. पुरजे काढून दुसऱ्या मशीनींना लावले."

"मग सांगून टाका ना त्याला."

"मिल मी बंद नाही केली, मला मालूम आहे. पण मशीन मीच खोलली ना, भिया. त्यासाठी पण मला कोणी भेजलं नव्हतं."

पुढच्या उन्हाळ्यात ते तिकडेच गेले. गिरणीतल्या खात्यात, चालू मागांमध्ये, छातीत कळ येऊन. यायच्या सुट्टीचा अर्ज मंजूर झालेला होता, असं वहिनी म्हणाल्या.

त्या अनंत चतुर्दशीला मी एकटाच झांकीपाशी गेलो. रामरतन वायरी बांधत होता, त्यांच्याच जागी बसून. त्याला कळलं होतं. मी वायरीचं दुसरं टोक धरलं. मग तो माझ्या ओठांकडे बघत म्हणाला, "अब वहाँ मेरी मशीन कौन देखता होगा?"

टाइम ऑफिसातल्या सगळ्या नोकरीत मी गैरहजर माणसाची हजेरी कधी लावली नव्हती.

"आदमी रखा है," मी सावकाश म्हणालो, त्याला नीट वाचता यावं म्हणून. "रोज तेल डालता है."