मागच्या सीटवरचा वाघ्या

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या शेजारच्या दत्तूभाऊंच्या मोटारसायकलची मागची सीट कायमची राखीव असून तिथे वाघ्या नावाचा कुत्रा बसतो. मालकाच्या खांद्यांवर पुढचे पाय टाकून तो अशा ऐटीत निघतो की वाटावं, गाडी त्याची आणि दत्तूभाऊ पगारी ड्रायव्हर!

आज सकाळी घाटाच्या पायथ्याशी मी चहा पीत होतो, तेव्हा दोघं नेहमीसारखे म्हसोबापाशी थांबले. दत्तूभाऊंनी शेंदूर आधी हेडलाइटला लावला, मग वाघ्याच्या कपाळाला. पण वाघ्या काही सीटवर चढेना. धुक्यात बुडालेल्या पहिल्या वळणाकडे पाहत, पाठीवरचे केस ताठ करून तो गुरगुरत राहिला.

"नव्या नवरीसारखा अडून काय बसलास? चढ की!" दत्तूभाऊ ओरडले. मी खो खो हसलो.

मग हसू हळूहळू विरलं. आपण कुणाच्याही मागे बसतो आणि निर्धास्त डुलक्या काढतो. हा मात्र रोज रस्ता बघत आलाय.

दत्तूभाऊंनी चिडून एकट्यानेच जायला किक मारली. तेवढ्यात टपरीवाल्या मावशींच्या हातातली किटली थबकली.

"अहो भाऊ, मघापासून वरून एकही गाडी उतरली नाही हो!"