घरात कोणीतरी आजारी आहे

कोडं सुटलं नाही तर मी जेवत नाही आणि माझ्याआधी दुसऱ्याने सोडवलं तर मला जेवण जात नाही, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. खोटं कशाला बोलू, आहेच मी तशी. धुळ्यात शाळेच्या कार्यालयात दिवसभर दाखले लिहायचे आणि संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून कोडी सोडवायची, अशी माझी गेली काही वर्षं चालली होती. यांना त्यातलं काही कळत नसे आणि कळून घ्यायचंही नसे. "पोळी करपतेय," एवढंच ते म्हणत.

खेळ असा होता. इंटरनेटवर काही हौशी मंडळी खानदेशापुरता एक खजिन्याचा शोध मांडायची. कोड्यामागून कोडं यायचं. शेवटचं कोडं एखाद्या खऱ्या जागेकडे न्यायचं. तिथे दगडावर पिवळ्या रंगाची एक खूण काढलेली असायची, आणि त्या खुणेचा फोटो जो गट आधी टाकेल तो जिंकला. बक्षीस म्हणजे पुस्तकांची एक पेटी. पण ती पेटी आमच्या डोक्यात अशी बसली होती की विचारू नका. आमच्या गटात जळगाव-धुळ्याकडचे वीस-पंचवीस जण होते. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंसुद्धा नव्हतं. जामनेरचे एक निवृत्त मास्तर आमचे म्होरके. साक्रीकडचे एक कांदा लावणारे शेतकरी होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. मी ताई. आमच्याकडे कोड्याला आन्हा म्हणतात, म्हणून ग्रुपचं नावही तेच होतं.

एका वर्षी आमच्यातलाच कोणीतरी फितूर निघाला. आम्ही सोडवलेली उत्तरं दुसऱ्या गटाला आयती मिळत होती, आणि आम्ही जागेवर पोहोचलो तेव्हा तिथे त्यांचे सेल्फी काढून झाले होते. मास्तर इतके चिडले की त्यांनी नियमच केला. ग्रुपवर कुठल्याही जागेचं नाव सरळ लिहायचं नाही. जे सांगायचं ते घरच्या बातमीत गुंडाळून सांगायचं. पाहुणे आले म्हणजे दुसरा गट जवळपास आहे. दूध नासलं म्हणजे तर्क चुकला. आणि घरात कोणीतरी आजारी आहे, असं कोणी लिहिलं तर समजायचं, जागा सापडली. मग पुढे आजारपणाचं जे वर्णन येईल त्यात जागेचा पत्ता शोधायचा.

आम्ही यात फार पटाईत झालो. कोणाच्या सासूची पाठ धरली की आम्ही देवळाची मागची भिंत ओळखायचो. मला तर या लपवालपवीचीच जास्त गोडी लागली.

पुढच्या वर्षीचं शेवटचं कोडं शनिवारी आलं. पायऱ्या पाण्याकडे जातात, पण पाणी नाही. देव नाही, तरी दरसाल नवा झेंडा. दिवसभर डोकं खाजवल्यावर मला साक्रीच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत असलेलं एक कोरडं कुंड आठवलं. एका लग्नाला जाताना गाडी बंद पडली होती, तेव्हा लांबून पाहिलं होतं. टेकडीवर लाल झेंडा आणि मागे दगडी कुंड. मी ग्रुपवर चकार शब्द काढला नाही. रविवारी सकाळी यांना म्हटलं, "चला, स्कूटर काढा."

यांना साखरेचा आजार. सकाळी इन्सुलिनची सुई घेतली होती, पण माझ्या घाईपायी पोहे अर्धेच पोटात गेले. साक्रीत नीट खाऊ, असं ठरलं होतं. साक्रीत पोहोचलो तर आठवडी बाजाराची गर्दी, हॉटेलात उभं राहायला जागा नाही. मी म्हटलं, आधी कुंड पाहून येऊ, येताना निवांत बसू. ते बरं म्हणाले. ते नेहमी बरंच म्हणतात.

स्कूटर टेकडीच्या पायथ्याशी लावावी लागली. वर पायवाट होती, आणि ती वाटत होती त्यापेक्षा खूप लांब निघाली. टेकडी ओलांडून मागच्या उतारावर आलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. त्या बाजूला सगळी कोरडवाहू बाजरी. ती कापून झालेली, त्यामुळे शिवारात चिटपाखरू नव्हतं. कुंड मात्र होतं. खोल, चौकोनी, कठडा नसलेलं, आत वाळलेला पाला. मी खूण शोधत कडेने फिरू लागले. मागे वळून पाहिलं तर हे एका बाभळीखाली बसले होते आणि शर्टाची बटणं काढून पुन्हा लावत होते.

"काय करताय?"

"बँक उघडली का?" ते म्हणाले.

त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, हात थरथरत होते. शुगर उतरली होती. घरी एकदा असं झालं होतं, तेव्हा साखरेचं पाणी पाजल्यावर लगेच सावरले होते. तेव्हापासून साखरेची पुडी आम्ही कायम जवळ ठेवतो. ती पुडी स्कूटरच्या डिकीत होती आणि स्कूटर टेकडीच्या त्या अंगाला. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली आणि शेंगदाणे होते. शेंगदाणे तोंडात घातले तर ते चावेनात. गालात तसेच राहिले, मी बोट घालून काढले.

मी स्कूटरकडे धावत निघाले. वीसएक पावलं गेले असेन, तोच मागे दगड गडगडले. हे उठून चालू लागले होते, सरळ कुंडाकडे. मी परत फिरले आणि त्यांना कमरेला धरून बसवलं. अंगाने भरलेला माणूस, शुद्ध अर्धी, आणि मला ढकलत म्हणत होता की त्याला ड्युटीवर जायचंय. शेवटी मी ओढणी काढली आणि त्यांचं मनगट बाभळीला बांधलं. लग्नाच्या नवऱ्याला मी गुरासारखं झाडाला बांधलं. गाठ बसली, पण ते हिसके देत होते, आणि ओढणी जुनी होती. त्यांना सोडून टेकडी ओलांडायची माझी छाती झाली नाही.

फोनला रेंज नव्हती. जवळच्या एका खडकावर चढलं की एक काडी यायची. ॲम्ब्युलन्सचा नंबर लावला, वाजायच्या आधीच तुटला. पुण्याला मुलाला लावला, तोही तुटला. मेसेज केला, पण मुलगा रात्रपाळी करून झोपलेला असणार. त्याच्या नावापुढे एकच खूण उमटून राहिली. मग मी ग्रुपवर लिहिलं. बोटं घामाने घसरत होती.

"आमचे हे आजारी आहेत. शुगर उतरली आहे. साक्रीच्या पुढे लाल झेंड्याच्या टेकडीमागे कोरड्या कुंडाजवळ आहोत. कोणी जवळ असेल तर साखर घेऊन लगेच या."

मेसेज गेला. मी खडकावरून उडी मारून यांच्याकडे गेले, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा खडकावर आले. आणि पाहते तर ग्रुपवर दिवाळी.

"जागा सापडली!!!"

"ताईंनी बाजी मारली."

"आजारी तर आजारी, वर साखर पण घेऊन या म्हणे. मानलं ताई तुम्हाला."

मग मास्तरांचा लांबलचक मेसेज आला. साखर म्हणजे कारखाना. उतरली म्हणजे बंद पडलेला. लाल झेंडा म्हणजे रेल्वे. साक्री हे नाव मुद्दाम दिलंय, कारण नियमाप्रमाणे खरं नाव ताई देणारच नाहीत. म्हणजे साक्री सोडून बाकी कुठेही. रेल्वे आणि बंद कारखाना एकत्र, तेव्हा पाचोऱ्याकडचे गडी निघा.

मी लिहिलं, "मास्तर, हे कोडं नाही. खरंच आजारी आहेत."

मास्तरांनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले. खाली लिहिलं, "दुसरी कडी: 'खरंच' या शब्दावर लक्ष द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इकडे एका माणसाचा जीव चाललाय आणि हे शहाणे माझ्या एकेका शब्दाची साल काढत बसलेत. मी पुन्हा लिहिलं, देवाशपथ लिहिलं, मुलाची शपथ घातली. प्रत्येक वेळी मेसेज जायला वेळ लागे, आणि प्रत्येक मेसेजवर पाचोऱ्याकडे निघालेल्या माणसांना नवी दिशा मिळे. कोणीतरी तर माझ्या ओळींची पहिली अक्षरं मांडून ठेवली होती. जितकं मी सरळ लिहीत होते तितकं त्यांना ते खोल वाटत होतं.

खालून आवाज येईनासा झाला. मी पाहिलं. यांचे हिसके थांबले होते, मान छातीवर पडली होती. आधी त्यांची बडबड नकोशी होती, आता ती थांबल्याने माझा जीव गेला. जाऊन गालावर चापट्या मारल्या. डोळे उघडले, पण मला ओळखलं नाही. अनोळखी बाईकडे पाहावं तसं अदबीने पाहिलं आणि पुन्हा मिटले.

मी खडकावर चढले आणि बोलायचं बटण दाबून धरलं. आता यांची आईमाई उद्धरायचीच, असं ठरवून मी तोंड उघडलं. मास्तरांपासून सुरुवात केली. काय काय बोलले ते आठवत नाही, पण माहेरच्या गावात नळावर ऐकलेली एकही शिवी शिल्लक ठेवली नाही, अशी माझी समजूत होती. बटण सोडलं. आवाजाचा मेसेज जायला लागला. गोल फिरत राहिलं. एक काडी जायची, यायची. मी फोन डोक्याच्या वर धरून उभी होते, हात भरून आला तरी खाली घेतला नाही. मग केव्हातरी तो गेला.

थोड्या वेळाने ग्रुपवर साक्रीच्या भाऊंची एक ओळ आली.

"ताई, निंघनू."

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि सारखी बोलत राहिले. पोळीबद्दल, पोराबद्दल, स्कूटरच्या हप्त्याबद्दल, सुचेल ते. एकाही देवाचं नाव घ्यायचं राहिलं नाही.

मोटारसायकलचा आवाज टेकडीच्या अंगावर चढताना ऐकू आला. पायवाटेवरून गाडी वर आणणारा तो माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. काळासावळा, चाळिशीचा, अंगात बाजारातलाच मळका सदरा. एका हातात गुळाची ढेप होती, तीही अख्खी, दुकानातून उचलली तशी. तो तसाच खाली बसला. दगडावर ढेप फोडली, चुरा पाण्याच्या दोन थेंबांत कालवला आणि बोटाने यांच्या गालाच्या आतून लावत राहिला. पुन्हा लावला. "भाऊ, गिळा. गिळा ना भाऊ," म्हणत राहिला. बऱ्याच वेळाने यांचा घसा हलला. मग त्यांनी जीभ फिरवली. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माझा हात कशाला बांधलाय?"

तेव्हा मी जी हंबरडा फोडून रडले, तशी बापाच्या मयतीलाही रडले नव्हते.

आम्ही यांना दोघांच्या मध्ये बसवून साक्रीच्या दवाखान्यात आणलं. सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, आणलंत वेळेवर, आता काळजी नाही. मी बाहेर बाकावर येऊन बसले. फोनवर माफीचे मेसेज धो धो येत होते. मास्तरांनी तर चार वेळा लिहिलं होतं. मी उत्तरादाखल दणकून काय लिहायचं ते मनात जुळवत होते. साक्रीचे भाऊ शेजारी येऊन बसले, गुळाने चिकट झालेली बोटं पुसत.

"ताई, एक सांगू? राग मानू नका."

"बोला ना भाऊ."

"तुमना पहिला मेसेज उना, तव्हयच माले वाटनं, हाई खरं शे. मी गाडी काढेल व्हती. मंग मास्तरस्ना मेसेज वाचा, नि गाडी परत लाई दिधी."

"का पण?"

ते खाली पाहत होते. "मास्तरस्नी माय आजारी शे, आसा मेसेज उनथा ना? नियम नवाच व्हता. माले काय ठाऊक. मी खिचडीना डबा लई जामनेरले गयथू. यष्ट्या बदलत. मास्तरस्नी माय वट्टावर बशीसन शेंगा फोडी ऱ्हायनी व्हती." ते कसंनुसं हसले. "मंग तुम्ही बठ्ठा कितला हासनात."

हसलो होतो. मला आठवलं. डब्याची चित्रं टाकत महिनाभर हसलो होतो, आणि सगळ्यात जास्त मी.

"मग आता कसे आलात?" मी विचारलं. "माझ्या शिव्या ऐकून?"

"शिव्या कोठे ताई? तेम्हा एक शबद समजना नही. नुसता तुमना रडाना आवाज व्हता. मंग म्हनं, हासतीन तर हासू द्या."

मी फोन बाकावर पालथा ठेवला. त्याची थरथर चालूच होती.

"तुम्ही जेवनात का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली, नाही.

"बसा मंग," म्हणून ते उठले आणि डबा आणायला गेले.