आमच्या गल्लीतली भिंत

"खाली उतर. सायकल वळव आणि आलीस तशी परत जा."

मी नववीत होती. अमरावतीत राजापेठेले ट्यूशनला निघाली होती. आमच्या बौद्ध वस्तीतून सरळ गल्ली मोठ्या रस्त्याले लागे. मंधातल्या वावरात लेआउट पडलं, बंगले झाले, गल्ली डांबरी झाली. आमी खुश. अन् एक दिवस तिथं फाटक लागलं. अडवणारा माणूस कॉलनीचा अध्यक्ष. रिटायर साहेब.

म्या म्हटलं, "काका, आमचा रोजचा रस्ता हाये."

"काका कोणाला म्हणतेस?"

मी मागं फिरली. वळून पायलं, तर तो नळीनं रस्ता धुऊन राहिला होता. माह्या चाकाच्या खुणा. बंगल्यातल्या बाया गच्चीवरून पाहत होत्या.

बाबा एसटीत ड्रायव्हर. संध्याकाळी खाकी वर्दीतच गेले. हात जोडले. साहेब म्हणाला, "तुम्हा लोकांना नाल्याकडून वाट आहे ना?"

बाबा म्हणाले, "हो साहेब."

त्या 'हो'नं मले जाळलं.

दिवाळीच्या आत फाटकाच्या जागी भिंत आली. मंग सारं शिक्षण नाल्याच्या चिखलातून. आता मी तिवस्याले मास्तरीण हाये, अन् वस्तीच्या कमिटीतही हाये.

पण शहर उलट्या अंगानं वाढलं. नवा बायपास आमच्या वस्तीमागून गेला. दवाखाने, शाळा, सारं तिकडंच. कॉलनीवाले त्याईच्याच भिंतीमांगं कोंडले. गाड्या घेऊन गावभर फेरा मारते. मांगच्या महिन्यात तोच साहेब आमच्या विहारात आला. काठी टेकत.

"बेटा, भिंत पाडू. तिथं फाटक लावू. चावी आमच्याकडे राहील. पुढचा रस्ता तुमच्या वस्तीतून जातो, म्हणून वस्तीची फक्त संमती द्या."

बाबा उठाले लागले. तोंडात तेच 'हो' येऊन राहिलं होतं. म्या त्याईच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, तुमी बसा."

मंग साहेबाले इचारलं, "त्या दिवशी रस्ता कावून धुतला होता?"

तो म्हणे, "जुनी गोष्ट आहे. विसरून जा."

"मी नाई विसरली. फाटक नाई, चावी नाई. संमती तर नाईच."

तो निंघून गेला. आता निरोपावर निरोप धाडते. वस्तीतलेही म्हणते, म्हातारा माणूस हाये, सोडून दे.

नाई सोडत. भिंत पडंल तं पुरी पडंल. भर दुपारी, दोन्ही अंगच्या लोकाईसमोर. भिंत फोडाले लोखंडी सब्बल मी देईन. पयला घाव त्यानं घालाचा, सोताच्या हातानं. तवरोक एक ईट मी हलू देणार नाई.