डब्याच्या मागची बारीक अक्षरं

नवऱ्याला शुगर निघाली, तेव्हा साखरेची बरणी मीच उचलून माळ्यावर ठेवली. बाभुळगावच्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलेलं. पथ्यपाणी सगळं माझ्यावर सोडून ते निर्धास्त शेतावर जायचे. बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करत, पण प्यायचे.

एकदा दह्याच्या पाकिटामागे 'शुगर' हा शब्द आणि त्यापुढे आकडा दिसला. मी दही बंद केलं. त्यांना भाकरीसोबत वाटीभर दही लागायचं, तरी केलं. त्याऐवजी ताकदीसाठी दुधात घालायची पावडर आणली. डब्यावर हिरवं शेत, ज्वारीची कणसं आणि ठळक अक्षरात 'नैसर्गिक पोषण'. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मोठे चमचे मी स्वतः कालवून द्यायचे.

सहा महिन्यांनी तपासलं तर शुगर आधीपेक्षा वाढलेली. माझं डोकंच फिरलं. त्या दिवशी बोरी अरबहून दीर आले होते. त्यांच्यादेखतच मी म्हणाले, "बाजारात जाऊन जिलबी खाऊन राह्यले तुमी. काहून खोटं बोलता?"

"तुयी शपथ, तोंडाले लावली नाई," एवढंच ते म्हणाले आणि अर्ध्या जेवणावरून उठले.

दोन दिवसांनी मी गोळ्या आणायला गेले. मेडिकल चालवणारी मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. पावडरचा नवा डबा मागितला, तर तिनं विचारलं, "मॅडम, काकांसाठी?"

मी हो म्हणाले. तिनं डबा उलटा केला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे पाहा. टोटल शुगर म्हंजे सगळी मिळून. अन् ही खालची ॲडेड, वरून टाकलेली. शंभर ग्रॅममंदी बत्तीस ग्रॅम."

"पण दह्यातही साखर होती, म्हणून तर मी दही बंद केलं!"

ती शेजारच्या डेअरीतून साध्या दह्याचं पाकीट घेऊन आली. टोटल चार, ॲडेड शून्य. "ही दुधातली मुळचीच साखर हाये, मॅडम. कोणी टाकली नाई. बेतानं खाऊ द्या काकांले."

तिथल्या स्टुलावर बसून तिच्याकडूनच हिशोब करून घेतला. दिवसाला जवळजवळ चहाचे पाच चमचे साखर.

घरी येऊन मी बरणी खाली काढली, वाटीत पाच चमचे साखर घातली आणि नवऱ्यापुढे ठेवली. "हे मी पाजलं तुम्हाले. रोज."

त्यांनी वाटी उचलून जवळून पाहिली. "एवढी? चहात तं मी दोनच घ्यायचो."

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

जिलबीचा आरोप दिरांसमोर केला होता, म्हणून चूकही त्यांच्यासमोर कबूल करायला फोन लावला. सगळं सांगितलं. मग ते हळूच म्हणाले, "वयनी, आमच्या घरीबी तोच डबा हाये. मांगच्या खेपेले तुमच्याकडं पाह्यला. मलेबी शुगर हाये ना. तुमी शिकलेल्या, म्हून इचारलं नाई, घेऊन टाकला."

नवऱ्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि भावाला डबा बंद करायला सांगितलं.

तीन महिन्यांनी दोघांचीही शुगर उतरली. गोळ्या मात्र सुरूच आहेत.