दादांचे डोळे उघडे होते

आमच्या टेमघरच्या ख्रिस्ती मंडळीत स्वतःचं पाप कबूल करायला कुणी पुढे येत नाही, दुसऱ्याचं सांगायला मात्र उपासना संपेपर्यंतही धीर निघत नाही. त्यामुळे किस्से साठत जातात. माझ्याकडचे बहुतेक जयवंतदादांचे. दादा रविवारी मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे, आणि उरलेले सहा दिवस काल्हेरच्या एका गोडाऊनचे सुपरवायझर!

*

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात दादांनी चहा सोडला. पण मोह फार होतो म्हणून गोडाऊनच्या चहावाल्यालाही गेटबाहेर काढलं. हमाल बहुतेक हिंदू आणि मुसलमान. चाळीस दिवस आपण कसला उपवास केला, हे त्यांना ईस्टरला कळलं.

*

दादांची प्रार्थना नावानिशी असते. "प्रभू, याकोबला वेळेवर यायची बुद्धी दे." याकोब त्यांच्याच गोडाऊनात लोडिंगला. हजेरीबुक असं डोळे मिटून वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

गेल्या वर्षी वडिलांची निवडणूक झाली. कुणाला संकोच नको म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून हात वर करायचे, असं ठरलं. मोजायला कुणीतरी डोळे उघडे ठेवायला हवेतच. ती जबाबदारी दादांनी घेतली. उमेदवारही तेच!

मी हात दादांसाठी वर केला. माझा जावई त्याच गोडाऊनात बिलिंगला आहे. याकोबने समोरच्या उमेदवारासाठी केला, हे नंतर त्याच्याकडूनच कळलं. सोमवारी वॉचमनने त्याला गेटवरच थांबवलं. तुला आत सोडायचं नाही, ऑर्डर आहे, म्हणाला. घरात कमावणारा याकोब एकटाच. मला लाज वाटली, पण मी गप्प बसलो.

*

तीन आठवड्यांनी पवित्र गुरुवार आला. येशूने शिष्यांचे धुतले तसे त्या दिवशी वडिलांनी बारा जणांचे पाय धुवायचे, ही आमची रीत. दादांनी बाराही जणांना आधीच निरोप धाडला होता, घरून पाय घासून या. त्यातला एक आजारी पडला आणि चर्चच्या पाळकांनी त्याच्या खुर्चीवर याकोबला बसवलं.

दादा कमरेला टॉवेल गुंडाळून, परात घेऊन गुडघ्यावर बसले. पाय ओला केला तसा याकोब हळूच म्हणाला, "दादा, पाय साफच हायत. तीन हप्ते घरीच बसलोय. सोमवारी गेटात घेता का न्हाय, तेवढं सांगा."



दादांनी मान वर केली. आवाज अगदी मऊ. "याकोब, ही देवाची जागा हाय. कामाचं काय ते ऑफिसात येऊन बोल."

मग त्यांनी त्याचा पाय नीट, बोटांच्या मधूनसुद्धा पुसला आणि परात पुढच्या खुर्चीसमोर सरकवली.